कोल्हापूरजवळ तळ्याकाठी, जंगलात तंबू ठोकून दोन रात्री राहता येईल का? मुलं बरोबर आहेत

तुमचा प्रश्न असा आहे: डिसेंबरात पुण्याहून येणार, सोबत आठ आणि अकरा वर्षांची मुलं, तंबू घरचाच. जागा कुठली निवडावी, काय घ्यावं आणि मुलांना गवा दिसेल का?

येईल की राहता. फक्त तळं आणि जंगल एकाच जागी मागू नका. रात्र पाण्याच्या बाजूला काढा आणि जंगल दिवसा बघा. आमच्याकडच्या बहुतेक सहली फसतात त्या 'आत कुठंतरी ठोकू तंबू' म्हणून निघाल्यामुळं.

कोल्हापूरजवळचं जंगल म्हणजे राधानगरीचं, एकेकाळचं कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान. 1958 साली दाजीपूर अभयारण्य झालं, 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य, साधारण 351 चौरस किलोमीटर. 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही त्याचं नाव आहे. वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आग लावता येत नाही. वनखात्यानं स्वतः राहायची सोय केलेली जागा सोडली तर आत मुक्काम नाहीच. व्हिडिओत लोक दिसतात आत शेकोटी करून बसलेले. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाल्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही, एवढंच.

मग तंबू कुठं? पहिल्यांदाच येताय आणि मुलं लहान आहेत, तर माझं मत राधानगरीलाच. कोल्हापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, गावात पेट्रोल, किराणा, दवाखाना सगळं. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, तलावाला राणीसाहेब लक्ष्मीबाईंचं नाव दिलं आणि गावाला मुलीचं, राधाबाईंचं. धरण पुरं व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्या लक्ष्मी तलावाच्या फुगवट्याकडेनं गावं आहेत, अभयारण्याच्या हद्दीबाहेरची खासगी रानं आहेत. पोचल्यावर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना गाठा, कुणाच्या पडीक रानात उतरायचं ते विचारा आणि मालकाला पैसे विचारूनच द्या. भाकरी-पिठल्याची सोयही तिथंच होते. हद्द कुठून सुरू होते हे नकाशापेक्षा त्यांना जास्त पक्कं ठाऊक असतं. तंबू ठोकून देणारे व्यावसायिकही त्या भागात आहेत. तंबू घरचा असला तरी पहिली रात्र त्यांच्या आवारात काढायला हरकत नाही, मुलांसाठी संडासाची सोय होते आणि तो प्रश्न मोठा असतो.

गर्दी नको असेल तर गारगोटीवरून पुढं पाटगाव. मौनी महाराजांचा मठ, वेदगंगेवरचं धरण आणि मधाचं गाव म्हणून हल्ली झालेली ओळख. जागा राधानगरीपेक्षा सुंदर, माझ्या मते. पण अडलंनडलं तर गारगोटीपर्यंत मागं यावं लागतं, मोबाईलला रेंज असेलच असं नाही. दुसऱ्या खेपेला जा. तिलारी, चंदगड, आजरा ही नावंही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. त्या पट्ट्यात रानटी हत्ती वावरतात आणि घाटाखाली दोडामार्गकडं माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा हंगाम नेमका हिवाळ्यात सुरू होतो. मुलांना घेऊन तिकडं उघड्यावर झोपू नका.

आता जमिनीचं. हे नीट वाचा, कारण तंबूच्या दुकानात कुणी सांगत नाही. पावसाळ्यात तलाव भरतो आणि नंतर पाणी उतरत जातं. डिसेंबरात काठाच्या उतारावर एकाखाली एक अशा मातीच्या पट्ट्या दिसतात. अगदी पाण्यालगतची पट्टी सपाट, मोकळी, फोटोला झकास. वरची साय वाळून तडकलेली असते, पण टाच दाबलीत की खाली ओला गाळ. तिथं खुंटी सहज आत जाते आणि वारा आला की तितक्याच सहज वर येते. म्हणून जिथं घाणेरी-करवंदीची जुनी झुडपं सुरू होतात तिथून वरच उतरा, पाणी तिथवर येत नाही याची ती खूण. वर गेलात की उलटा त्रास, तो म्हणजे जांभ्याचा कडक खडक. खुंटी बोटभर जाते आणि वाकते. जादा सुतळी-दोरी घ्या, तंबूचे कोपरे मोठ्या दगडांना बांधा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जायचा विचार असेल तर तिथं दोरीशिवाय काम नाही, वाराही सोसाट्याचा असतो.

धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात तर अजिबात नको. पावसाळा संपला म्हणून पात्र शांत दिसतं, पण वीजनिर्मितीला आणि शेतीला पाणी सोडतात आणि ते तुम्हाला विचारून सोडत नाहीत.

थंडी कोरडी नसते. पाण्याकाठी पहाटे दव असं पडतं की तंबू बाहेरून निथळतो आणि आतून श्वासाची वाफ साचून ठिबकतो. बाहेरचं कापड आतल्याला चिकटणार नाही असं ताणा, वरची जाळी थोडी उघडी ठेवा. अंगाखाली फोमची चटई हवीच, सतरंजी कुचकामी. मुलांना कानटोप्या. चप्पल-बूट आत घ्या आणि घालताना झटकून घाला. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच तिचा दंश जास्त होतो, म्हणून तळ शिवलेला आणि चेन शेवटपर्यंत लागणारा तंबू घ्या. चेन मोकळी राहिली तर तंबू असून नसल्यासारखा. दंश झालाच, अगदी शंका आली तरी, बांधणं-कापणं काही न करता सरळ राधानगरीचं रुग्णालय गाठा. पुढं कोल्हापूरला सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय आहे.

शेकोटीचा हट्ट मुलं धरणारच. मालकाच्या परवानगीनं, त्याच्याच चुलीच्या जागी, त्याच्याकडून विकत घेतलेल्या जळणावर करा. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीनं डोंगर पेटतो. बादलीभर पाणी शेजारी ठेवा आणि झोपण्याआधी राख हात लावून बघा. स्वयंपाक स्वतःच करायचा असेल तर छोटा गॅस पुरे. येताना कोल्हापुरात तांबडा-पांढरा चापायचा असेल तर खुशाल चापा, पण डब्यात बांधून तंबूत नेऊ नका. उरलेलं मटण म्हणजे रात्रभर कुत्र्यांची सभा. खायचं सगळं गाडीत बंद.

राहिला गवा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून तंबू उजेडात लावा. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दाजीपूरच्या फाटकावर सकाळच्या पहिल्या फेरीला हजर राहा. राधानगरीपासून ते तीसेक किलोमीटर, फोंडा घाटाच्या वाटेवर. वाटाड्या सोबत घ्या, पैसे वसूल होतात, कारण झाडीत उभा असलेला हजार किलोचा प्राणी तुम्हाला दिसत नाही आणि वाटाड्याला दिसतो. गवा दिसेलच असं कुणीही सांगितलं तर तो गिऱ्हाईक शोधतोय. शेकरू मात्र बहुतेक दिसतं. मुलांना मान वर करून झाडांच्या शेंड्यांकडं बघायला सांगा.

गंमत अशी की बऱ्याच जणांना गवा जंगलात न दिसता परतीच्या रस्त्यावर, अंधार पडल्यावर, उसाच्या कडेला दिसतो. म्हणून दाजीपूरहून दिवस मावळायच्या आत निघा. तरी आडवा आलाच तर गाडी लांब थांबवा, दिवा खाली करा, हॉर्न वाजवू नका, कुणी खाली उतरू नका. तो गेला की लगेच गाडी हाणू नका, मागून कळपातले आणखी येतात.