ज्याची क्लिप कुणी काढत नाही, त्या पोरास

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रविवारी रात्री पावणेबाराला आला. ‘आण्णा, मी पुढं खेळू का? मधल्या फळीत हाफला खेळून कोण बघतंय? पाच मॅच झाल्या, माझी एक क्लिप नाही.’ वाचला आणि फोन उपडा ठेवला. असल्या प्रश्नाला फोनवर दोन ओळी खरडून भागत नाही, म्हणून कागद घेतलाय. अक्षर लागलं नाही तर आजोबांकडून वाचून घे, त्यांना ते शाळेपासून ओळखीचं आहे.

तुमच्या त्या फुटबॉल मॅचला मी गॅलरीत उन्हाच्या बाजूला बसलो होतो. साठाव्या मिनिटाच्या आसपास तुमचा लेफ्ट बॅक, डावी बाजू राखणारा, बॉल घेऊन वर गेला. चांगला गेला. त्या वेळी तू काय केलंस, आठवतंय? दोन पावलं मागं आलास. त्याच्या मोकळ्या जागेकडं सरकलास. मान वळवून त्यांचा विंगर, कडेनं चढाई करणारा, कुठं उभा आहे ते बघितलंस. तेवढ्यात गॅलरीतनं कुणीतरी तुझं नाव घेऊन ओरडलं आणि तू हात वर करून बॉल मागत सुटलास. बॉल तुला आलाच नाही. मध्येच तुटला, आणि दार उघडं टाकून शेजारी गेलेल्या घरात मांजर शिरावं तसा त्यांचा पोरगा तुझ्या जागेतनं आत शिरला. गोलकीपरनं पायानं अडवला म्हणून वाचलात. शिव्या लेफ्ट बॅकला पडल्या, तू सुटलास. पण जागा तुझी होती.

दोन पावलं मागं आलेला पोरगा मला आवडला होता. हात वर करून पळणारे पेठेत शंभर आहेत.

जागा सोडायची नाही. पत्रभर हेच आहे, दुसरं काही सापडणार नाही. कंटाळा आला तर इथंच घडी घाल.

तू ब्राझीलवाला. वर्ल्ड कप आला की निम्मं कोल्हापूर पिवळं होतं, निम्मं अर्जेंटिनाचं निळं-पांढरं, आणि तू पिवळ्यातला. तुझ्या दारावर रोनाल्डिन्हो अजून आहे, रंग उडालाय. आता मला २००२ ची टीम सांग. रोनाल्डो, रिव्हाल्डो, काफू, रॉबर्टो कार्लोस हे सगळे सांगतील. आठ नंबर कुणाचा? तालमीत मी चौघांना विचारलं, चौघंही गप्प. गिल्बर्टो सिल्व्हा. सातही मॅच, एक मिनिट बाहेर नाही. आणि तुम्हा पोरांना नाव ठाऊक नाही!

गडी ऊसपट्ट्यातलाच. मिनास जेराइस राज्यात लागोआ दा प्राता म्हणून गाव आहे, तिथं साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढला. जन्म १९७६ चा. बाप लोहार, घर दोन खोल्यांचं, पाठीवर तीन बहिणी. बाप कामावरनं थांबल्यावर घराचा भार ह्याच्यावर आला. बिगारी केली, सुतारकाम केलं. आई आजारी पडली तेव्हा खेळ सोडून गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात लागला. तुला पाच मॅचमध्ये क्लिप नाही म्हणून झोप येईना, आणि तो ज्या वयात कारखान्यात पाळी भरत होता त्या वयात इथली पोरं स्वतःला संपलेला खेळाडू समजायला लागतात. १९९७ मध्ये, विशी गाठल्यावर, बेलो होरिझोंतेच्या अमेरिका मिनेइरो क्लबात पुन्हा शिरला, आणि त्याच वर्षी क्लबानं दुसऱ्या डिव्हिजनची लीग मारली. तेव्हा तो बॅकला खेळायचा. पुढं त्याच शहरातल्या अ‍ॅटलेटिको मिनेइरोकडं गेला आणि मधल्या फळीत स्थिरावला. ब्राझीलची जर्सी अंगावर आली २००१ च्या शेवटाला. म्हणजे वर्ल्ड कपला वर्षसुद्धा राहिलं नव्हतं.

आता नीट ऐक, कारण मी हे सांगायला बसलो की लोक हसतात. २००२ च्या ब्राझीलचा ठरलेला कॅप्टन काफू नव्हताच. कॅप्टन होता इमर्सन, मधल्या फळीतला, गिल्बर्टोच्याच जागेवरचा. पहिली मॅच दक्षिण कोरियात उल्सानला, तुर्कस्तानशी, ३ जूनला. आदल्या दिवशी सराव संपत आलेला, पोरं मजा करत होती, आणि हा कॅप्टन गोलमध्ये जाऊन उभा राहिला. गोलकीपर म्हणून! बॉल अडवायला झेप घेतली, खांदा निखळला, वर्ल्ड कप संपला. कॅप्टनचा पट्टा काफूकडं गेला आणि जागा गिल्बर्टोकडं. एकानं गंमत म्हणून जागा सोडली, दुसऱ्यानं ती सात मॅच धरून ठेवली. इमर्सन वाईट खेळाडू नव्हता, युरोपात त्यानं नाव काढलं. पण तुला ह्याहून स्वच्छ दाखला मी कुठनं आणू?

त्या टीममध्ये काफू उजवीकडनं आणि कार्लोस डावीकडनं कायम वर. नावाला बॅक, खेळायला विंगर. पुढं तीन ‘आर’, रोनाल्डो, रिव्हाल्डो, रोनाल्डिन्हो, त्यांना मागं यायला सांगायची कुणाची टाप नव्हती. मग उरलेलं मैदान कुणी बघायचं? मागच्या तिघांच्या पुढं हा उभा. काफू गेला की हा तिरका उजवीकडं, कार्लोस गेला की डावीकडं, बॉल मिळाला की दहा यार्डांवरच्या माणसाला देऊन पुन्हा आपल्या जागी. बॉल काढायला आडवा फारसा पडायचाच नाही. आधीच जाऊन उभा असलेला माणूस घसरेल कशाला? सात मॅचमध्ये ब्राझीलवर गोल चढले चार. ३० जूनला योकोहामात जर्मनीला दोन शून्यनं हरवलं. आम्ही तालमीत ओले कपडे तसेच अंगावर ठेवून टीव्हीसमोर बसलो होतो, आणि फायनलला साऱ्यांचे डोळे रोनाल्डोवर. मी एकटा आठ नंबर बघत होतो. का, ते पुढं सांगतो.

तू म्हणशील, आण्णा, सेमीफायनलला त्यानं जागा सोडली की. पोरगा हुशार आहेस, म्हणणारच. सैतामात पुन्हा तुर्कस्तान, हाफ टाइमनंतर चार मिनिटं. गिल्बर्टो डावीकडनं बॉल घेऊन निघाला, दोघांना मागं टाकलं, रोनाल्डोला दिला, त्यानं बुटाच्या टोकानं मारला. एक शून्य, आणि मॅच तेवढ्यावरच संपली. ती क्लिप तू शंभरदा बघितली असशील, रोनाल्डोपासनं पुढची. मागची पाच सेकंदं बघ. हो, तो गेला. पण हात वर करून बॉल मागत गेला नाही. बॉल पायात होता, समोर मोकळं होतं, मागं कव्हर होतं. ह्याला जागा सोडणं म्हणत नाहीत. फरक कळत नसेल तर खुशाल पुढं खेळ, माझी काही हरकत नाही.

(हरकत आहे. पण तुझ्यावर ओरडायला मला आवडत नाही.)

मग तो इंग्लंडला आर्सेनलला गेला. आणि गंमत बघ, पहिल्याच मॅचला हाफ टाइमनंतर उतरून लिव्हरपूलवर गोल मारला, तोच विजयी. सप्टेंबरात हॉलंडमधल्या आइंडहोव्हनच्या पीएसव्ही क्लबावर विसाव्या सेकंदाला गोल मारला. चॅम्पियन्स लीग म्हणजे युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, तिच्यातला तोवरचा सगळ्यात झटपट गोल. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मला पुढंच खेळवा. हा शहाणा पुन्हा मागं जाऊन उभा. शेजारी पॅट्रिक व्हिएरा, त्याला वर जायची हौस, म्हणून हा खाली. २००३-०४ ला आर्सेनल लीगमध्ये ३८ पैकी एकही मॅच हरलं नाही, २६ जिंकल्या, १२ बरोबरीत. त्यातल्या ३२ मध्ये हा होता. ‘अदृश्य भिंत’ म्हणायचे त्याला. नाव छान आहे, पण अदृश्य असण्याचा त्रास भिंतीलाच माहीत.

आता माझं. तुझ्या आजोबांनी तुला अर्धवट सांगितलं असणार. फायनल, सालाचं काय करायचं, एक एक बरोबरी, शेवटची तीन मिनिटं. मी सेंटर हाफ. कोचनं हाफ टाइमला दोन्ही खांदे धरून सांगितलेलं, तू हलायचं नाहीस. कॉर्नर मिळाला. गॅलरीतनं माझं नाव सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदा. लहानपणापासनं मी दुसऱ्यांची नावं ओरडलेलो, आणि आता हजारभर माणसं माझं नाव घेतायत. मी गेलो. कॉर्नर पहिल्याच बॅकनं डोक्यानं बाहेर काढला, बॉल त्यांच्या विंगरला, आणि माझ्या जागेत कुणी नाही. मी मागं पळताना त्याची पाठ दिसत होती, जर्सीच्या शिवणीतनं सुटलेला दोरासुद्धा दिसत होता. मग जाळी हलली. मॅच संपल्यावर कोच काही बोलला नाही, गाडीवर बसून गेला. दोन दिवसांनी तालमीत भेटला तेव्हा चहाचा कप पुढं केला, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून २००२ ला मी आठ नंबर बघत होतो.

तुझी काकू म्हणते, तुम्ही एकदा जागा सोडलीत आणि मग जन्मभर सोडलीच नाही. मुंबईतल्या एका खात्याच्या टीमकडनं बोलावणं आलं होतं, खेळाच्या कोट्यातली नोकरी, राहायची सोय. मी गेलो नाही. लोकांना सांगितलं, टीमला हाफ नाही, जागा सोडून कसा जाऊ. काकू म्हणते, घाबरलात. तीस वर्षं म्हणतेय. मी सांगतो, त्यानंतर टीमनं दोन करंडक आणले, त्यात मी होतो, वाया काय गेलं? पण हे पत्र लिहिताना लक्षात आलं की माझा गिल्बर्टो गाव सोडून निघालेला माणूस आहे. लागोआ दा प्रातातनं बेलो होरिझोंते, लंडन, मग ग्रीस. मैदानावर जागा धरायची आणि आयुष्यात कुठंही जायचं, असं काहीतरी असणार. मला ते वेगळं करता आलं नाही. तुला कळलं तर मलाही सांग. तोवर ट्रायलला बोलावणं आलं तर जा. पण हाफ म्हणून जा.

त्याच्यावरही अन्याय झाला, नाही असं नाही. २००६-०७ ला कॅप्टन ऑन्री दुखापतीनं बाहेर असताना आर्सेनलचं कॅप्टनपद बहुतेक वेळ ह्यानंच सांभाळलं, वर लीगमध्ये दहा गोल मारले. पुढच्या सीझनला ऑन्री बार्सिलोनाला गेला, तर पट्टा दिला गॅलासला, आणि मधल्या फळीत फ्लामिनी आला. हा बाकावर. थयथयाट केला नाही. २००८ ला ग्रीसच्या पॅनाथिनाइकोसला गेला, २०१० ला तिथं लीग आणि कप दोन्ही जिंकले. त्याच साली तिसरा वर्ल्ड कप खेळला. शेवटी परत अ‍ॅटलेटिको मिनेइरोत, २०१३, वय छत्तीस, आणि त्या साली क्लबानं कोपा लिबेर्तादोरेस, दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची मोठी स्पर्धा, जिंकली. त्या टीममध्ये दहा नंबर कुणाचा होता माहीत आहे? तुझ्या दारावरच्या रोनाल्डिन्होचा. पोस्टर एकाचंच निघालं.

तर तुझ्या मेसेजचं उत्तर: नाही. पुढं खेळू नकोस. मंगळवारपासून सहा वाजता ये, साडेसहाला नाही. बॉल यायच्या आधी मान दोनदा फिरवायची, उजवीकडं, डावीकडं, ती सवय अजून निम्मीच लागली आहे. मी मागनं बोटं दाखवीन, बॉल घेताना मोठ्यानं आकडा सांगायचा. चुकलास तर एक फेरी. आणि तुझ्या त्या मित्राला, शूटिंग करतो त्याला, घेऊन ये. मॅचभर फक्त तुझ्यावर कॅमेरा धरायला सांगतो, बॉल कुठंही असू दे. ती क्लिप कुणी बघणार नाही, पण आपण दोघं बघू.

आणि एक. त्या कॉर्नरला मी उगाच गेलो नव्हतो. दुसऱ्या खांबापाशी पूर्ण मोकळा होतो. बॉल तीन फूट उंच आला असता तर गोल होता. तुझ्या आजोबांना विचार, ते गोलमागंच उभे होते.

तुझा,
आण्णा