किबुट्झमध्ये (इस्राएलमधील सामुदायिक शेतीच्या वसाहतीत) कामचुकार सभासदाचे काय करतात, आणि तशी सामुदायिक शेती आपल्याकडे का टिकत नाही? आपली माणसेच तशी नाहीत का?

प्रश्नातले शेवटचे वाक्य माझे थोरले बंधू पंचवीसहून अधिक वर्षे मला ऐकवत आले आहेत, म्हणून लिहितो.

भारत-इस्राएल राजनैतिक संबंध १९९२ साली पूर्णपणे सुरू झाले, त्यानंतर दोन वर्षांनी मी जॉर्डनच्या खोऱ्यातील एका किबुट्झमध्ये सात महिने केळीबागेत स्वयंसेवक होतो. मी रावेरकडचा, त्यामुळे केळीतले मला कोण शिकवणार, असा तोरा होता. पण घड खांद्यावर घेण्यापेक्षा भोजनगृहाबाहेरचा फळा समजायला मला जास्त दिवस लागले. दुसऱ्या दिवशी कोणी कुठे जायचे ते त्यावर रोज संध्याकाळी लिहिले जाई, आणि आमच्या बागेचे प्रमुखही पाळी आली की भांडी धुवायला उभे राहत.

आमच्या टोळीतला एक सभासद रोज तासभर उशिरा येई. पगारच नाही तर कापणार काय, असे मी प्रमुखांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "दुपारी बघ." दुपारी तो ताट घेऊन बसला, तशी त्या टेबलावरची मंडळी एकेक करून उठली. कोणी अवाक्षर काढले नाही. तो सुधारला असे मी म्हणणार नाही, पण तासाचा उशीर पंधरा मिनिटांवर आला.

वडिलांच्या पश्चात, १९९७ साली, आमचे चौदा एकर तिघा भावांनी एकत्रच करावेत आणि विहिरीच्या पाळ्या व खर्च ओसरीवरच्या फळ्यावर लिहावेत, असे मी सुचवले. "घरात कोणी हिशेब लिहितो का? हा अविश्वास झाला," असे बंधू म्हणाले. फळा मी तरीही लावला. आठवड्याभरात त्यावर दळणाचा हिशेब आणि पुतण्याचे पाढे होते. वर्षभरात तीन चुली झाल्या.

बंधूंच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. किबुट्झची जमीन सभासदांच्या नावावर नसे, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे सातबाऱ्यावर प्रत्येकाचे नाव असते. शिवाय तिथे नवा सभासद मतदानाने घेत, भाऊ मात्र तसे निवडता येत नाहीत. १९८०च्या दशकातील महागाई व कर्जांनंतर तिथलीही घडी मोडली. मी असतानाच सभेत घरोघरी विजेचे मीटर बसवण्यावरून वाद होत, आणि १९१० साली स्थापन झालेल्या देगानिया या पहिल्या किबुट्झनेही २००७ साली कामाप्रमाणे वेतन स्वीकारले. ती बातमी बंधूंनी मला फोनवर संपूर्ण वाचून दाखवली होती.

तरीही तुम्ही काही जण मिळून शेती करणार असाल, तर संस्थेच्या नोंदणीआधी दुपारचे जेवण एकत्र सुरू करा, आणि पाळीचा फळा पहिल्या दिवसापासून लिहा. त्याला अविश्वास म्हणणारे वडीलधारे घरात असतील, तर आमच्या त्याच चौदा एकरांत आज तीन बोअर आहेत, त्यांतील दोन कोरड्या आहेत आणि त्यांपैकी एक माझ्या थोरल्या बंधूंची आहे, हे त्यांना अवश्य सांगा.