माझ्या गोळ्यांमुळेच बाळ बारीक राहिलं का?

एचआयव्ही असलेल्या आयांशी बोलताना हा प्रश्न इतक्या वेळा येतो की बाईने बाळाचं कार्ड टेबलावर पुढे सरकवलं की मला कळतं आता काय विचारणार ते. प्रेग्नन्सीत रोज एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेतल्या, बाळाची टेस्ट निगेटिव्ह आली, सगळे खूश, आणि मग सहा-सात महिन्यांनी बाळ इतरांच्या मानाने लहानखुरं दिसायला लागतं आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो की हे गोळ्यांनीच केलं. जी विचारते तिचं बरं असतं. न विचारता मनातल्या मनात हिशोब करणारीची मला जास्त धास्ती वाटते, कारण ती गुपचूप गोळी कमी करते.

अशीच एक केस, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात एचआयव्ही असल्याचं पहिल्यांदा कळलं, लगेच औषधं सुरू झाली, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली रोजची एक गोळी. मुलगी झाली, वजन २.४ किलो, थोडी लवकर. सहा आठवड्यांची टेस्ट निगेटिव्ह. आता मुलगी सात महिन्यांची, अजून अंगावर पिते. बाई पुढच्या गोळ्या न्यायला आल्या, सवयीप्रमाणे मी जुनी बाटली मागितली आणि हातात घेतली तर खुळखुळली. रिकामी असायला हवी होती.

मी ओरडले वगैरे नाही. ओरडलं की पुढच्या वेळी बाटली घरीच राहते आणि आपल्याला काहीच कळत नाही. म्हटलं, "बऱ्याच उरल्यात की. त्रास होतो का?" थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मॅडम, बहिणीचा मुलगा हिच्याएवढाच आहे, तो साडेआठ किलोचा झालाय. ही सहा किलो चारशे. घरचे म्हणतात तुझ्या गोळ्या दुधातून जातात, म्हणून हिला अंग धरत नाही. म्हणून मी एक दिवसाआड घेतेय."

पहिलं काम वाढीचं नाही, औषधाचं. गोळी चुकत गेली की व्हायरस पुन्हा वाढायला लागतो, काही आठवड्यांतच वाढू शकतो, आणि बाळ अंगावर पीत असेल तर धोका सरळ बाळाला. गोळीचा अगदी थोडा अंश दुधात जातो हे खरं आहे, घरचे त्या बाबतीत अगदीच चुकीचे नाहीत, पण त्या अंशापेक्षा दुधातला व्हायरस कितीतरी वाईट. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, बाईंचं व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते मोजणारी तपासणी) पाठवलं, बाळाची पीसीआर (थेट व्हायरस शोधणारी टेस्ट) पाठवली आणि बाळाचं प्रतिबंधक औषध डॉक्टरांनी परत सुरू केलं. नुकतीच लागण झाली असेल तर ती पहिल्या टेस्टमध्ये सापडेलच असं नसतं म्हणून काही आठवड्यांनी परत एक. दोन्ही निगेटिव्ह आल्या. व्हायरल लोड मात्र वर सरकलेलं होतं, रोजची गोळी सुरू झाल्यावर पुन्हा दबलं.

मग कार्ड काढलं. डब्ल्यूएचओचे २००६ चे वाढीचे तक्ते, मुलींचे वेगळे आणि मुलांचे वेगळे, म्हणजे बहिणीच्या मुलाशी तुलना तिथेच बाद. सात महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ७.६ किलो आणि खालची रेघ, जिच्या खाली गेलं की आपण कमी वजन म्हणतो, ती ६ किलोची. ही ६.४. मी त्यांच्याच हातात पेन दिलं. जन्माला २.४, बरोब्बर त्या खालच्या रेघेवर. तीन महिन्यांना ४.८, पाच महिन्यांना ५.७, आता ६.४. ठिपके जोडले तर मुलगी रेघेच्या वरून, तिच्यापासून अंतर ठेवून चाललीये. शिवाय लवकर जन्मलेली, त्यामुळे तिचं वय थोडं कमीच धरायला हवं. एकटा ठिपका बघून रडायचं नसतं, ठिपके कुठल्या दिशेने जातायत ते बघायचं. रेघ सपाट झाली किंवा खाली वळली तर मी स्वतःच तुम्हाला डॉक्टरांपुढे उभं करेन म्हटलं.

आता मूळ प्रश्न. गोळ्यांचा वाढीवर काहीच परिणाम नसतो असं मी सांगत नाही, कारण ते खरं नाही, आणि अर्धवट धीर दिला की पेशंट मोबाईलवर दुसरंच काहीतरी वाचून येतो आणि आपल्यावरचा विश्वास जातो. आईला एचआयव्ही असलेली पण स्वतः निगेटिव्ह असलेली बाळं गट म्हणून पाहिली तर सरासरीने थोडी लहान असतात. काही औषधांचा त्यात वाटा दिसलाय. भारतासह सात देशांत झालेल्या प्रॉमिस अभ्यासात, २०१६ मध्ये निकाल आले, झिडोव्हुडिन आणि लोपिनाविर असलेली तीन औषधं घेतलेल्या आयांपैकी २३ टक्क्यांची बाळं अडीच किलोच्या आत होती, नुसतं झिडोव्हुडिन मुख्य धरलेल्या जुन्या पद्धतीत १२ टक्के. पण त्याच अभ्यासात बाळाला लागण तीन औषधांच्या गटांत ०.५ टक्के आणि जुन्या पद्धतीत १.८. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे, लोक नेमका पहिलाच वाचून थांबतात. टेनोफोविरबद्दल अमेरिकेत सुमारे दोन हजार बाळांवरचा २०१२ चा अभ्यास आहे, जन्माच्या वजनात फरक नाही, वर्षाच्या वयाला लांबी आणि डोक्याचा घेर किंचित कमी. किंचित म्हणजे लांबीत अर्धा सेंटिमीटरही नाही. बहिणीच्या मुलात आणि हिच्यात जो दोन किलोचा फरक आहे तो यातून निघत नाही हो.

आणि औषधच घेतलं नसतं तर? उपचार नसताना १०० पैकी १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. ज्या बाळाला लागण होते त्याची वाढ खरोखर खुंटते, वारंवार जुलाब, न्यूमोनिया, आणि उपचार नसतील तर अशी जवळपास निम्मी मुलं दोन वर्षांची होण्याआधीच जातात. शिवाय उपचार नसलेली आई स्वतःच आजारी, अशक्त, तिचंही बाळ कमी वजनाचंच होतं. म्हणजे बारीकपणाची भीती वाटून गोळी सोडायची आणि बारीकपणाचं सगळ्यात मोठं कारण घरात घ्यायचं. हे मी त्यांना असंच सांगितलं, जरा कडक आवाजात, तेवढं चालतं.

बोलता बोलता दोन गोष्टी निघाल्या ज्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हत्या. एक, त्या ज्या दिवशी गोळी घेत त्या दिवशीही सकाळी उपाशीपोटी कॅल्शियम आणि आयर्नसोबत एकदम घेत होत्या. असं केलं तर डोल्युटेग्राविर अंगात नीट शोषलंच जात नाही. जेवणासोबत असतील तर एकत्र चालतात, उपाशीपोटी घ्यायची तर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. हे प्रत्येक गरोदर बाईला सांगायला हवं, आयर्न-कॅल्शियम सगळ्यांनाच असतं. दुसरं, बाळाला वरचं सुरू केलं होतं पण बाटलीतून ओतता येईल इतकं पातळ, दिवसातून एकदा. या वयाला दोन-तीन वेळा हवं आणि घट्ट हवं, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतपत, वर थोडं तेल-तूप. मला विचाराल तर वजन आणखी भरभर वाढत नव्हतं त्यात याचाही हात असेल, पण दोष मात्र सगळा गोळीच्या माथी. दर महिन्याला वजन, अंगावर पाजणं चालू, आई रोज गोळी घेत असेल तर ते दोन वर्षांपर्यंतही चालतं.

शेवटी उठता उठता त्यांनी विचारलं, पुढे दुसरं मूल हवं असेल तर? हवं असेल तर खुशाल, फक्त आधी येऊन सांगा. दिवस राहायच्या आधीच व्हायरल लोड दबलेलं असेल तर लागणीची शक्यता एक टक्क्याच्याही खाली येते, आणि गोळी बदलायची गरज आहे का ते डॉक्टर तेव्हाच ठरवतात. घरच्यांशी बोलायला नवऱ्याला पुढच्या वेळी सोबत आणा म्हटलं. आणले. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की दुधातून जातं ना औषध, मग मी ते कार्ड परत उघडलं, तोवर ठिपका साडेसहाच्या पुढे गेला होता. मुलीची शेवटची टेस्ट १८ महिन्यांना आहे, दूध तोवर सुटलं नसेल तर ते सुटल्यावर तीन महिन्यांनी आणखी एक.