सर्व्हे भरून व्हाउचर मिळतात का? मिळतात, पण ‘पात्र नाही’ म्हणजे काय ते आधी समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑनलाइन सर्व्हे भरून शॉपिंग व्हाउचर खरंच मिळतात का? तीन पॅनेलवर (म्हणजे सर्व्हे पाठवून पॉइंट देणाऱ्या साइटवर) नाव नोंदवून महिना झाला, पण बहुतेक सर्व्हे पाच-सात मिनिटांनी ‘क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही’ म्हणून बाहेर काढतात. एका ठिकाणी ६४० पॉइंट साठलेत आणि सगळ्यात लहान व्हाउचरला १००० लागतात. माझं काही चुकतंय का, की सोडून देऊ?

व्हाउचर मिळतात. मी चार वर्षं सर्व्हे भरतेय आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी एखादं व्हाउचर हाती लागतं. तुमचं बहुधा काहीच चुकत नाहीये. पण ‘पात्र नाही’ हे पुन्हा पुन्हा वाचलं की माणूस वैतागतो, उत्तरं थोडी ‘जुळवून’ द्यायला लागतो, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा, एका कंपनीला गेल्या तीन महिन्यांत नवीन वॉशिंग मशीन घेतलेल्या ३०० जणांची मतं हवी आहेत. असे लोक शंभरात पाचच निघत असतील, तर ३०० जण मिळवायला ६००० जणांना विचारावं लागतं. म्हणजे ५७०० जण दारातूनच परत जाणार, ते कितीही प्रामाणिक असले तरी. त्यात पुन्हा कोटा असतो: अमुक वयाच्या इतक्या बायका, इतके पुरुष, इतके शहरातले, इतके गावातले. तुमच्या वयोगटाची जागा भरली की तुम्ही मशीन कालच घेतलेलं असलं तरी उपयोग नाही. कधी कधी तुम्ही आत गेल्यावर, सर्व्हे भरत असतानाच कोटा भरतो आणि मधूनच बाहेर पडावं लागतं.

सुरुवातीला एक प्रश्न हमखास येतो: तुम्ही किंवा घरातलं कुणी जाहिरात, मार्केट रिसर्च, पत्रकारिता किंवा त्या वस्तूच्या धंद्यात आहात का? असाल तर तिथेच पूर्णविराम. जाणकार माणसाचं मत सर्वसाधारण ग्राहकाचं म्हणून धरता येत नाही, आणि नवीन उत्पादनाची बातमी बाहेर फुटायचीही भीती असते.

आता तुमच्या तीन पॅनेलबद्दल. बऱ्याच पॅनेलचे सर्व्हे त्यांचे स्वतःचे नसतात. ते मोठ्या बाजारपेठांतून येतात, जिथे सर्व्हे करवून घेणारे आणि माणसं पुरवणारे एकमेकांना भेटतात. सिंट हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी २०२१ मध्ये ल्युसिड ही दुसरी मोठी बाजारपेठ विकत घेतली. त्यामुळे एकच सर्व्हे तुम्हाला तिन्ही पॅनेलवर दिसू शकतो. पहिल्या ठिकाणी बाहेर पडलात आणि दुसरीकडून पुन्हा शिरलात, तर तुमचा ब्राउझर ओळखला जातो आणि ‘आधीच येऊन गेला’ म्हणून परत पाठवलं जातं. पॅनेल वाढवली की कमाई त्याच प्रमाणात वाढेल, असं मलाही वाटायचं. तसं होत नाही. वय, लिंग आणि पिनकोड दर वेळी नव्याने विचारण्याचं कारणही हेच. मागणारा दर वेळी वेगळा असतो.

तरी सातव्या मिनिटाला बाहेर काढून हातावर काहीच न ठेवणं मला मुळीच पटत नाही. पात्रतेचे प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत संपवता येतात. चांगली पॅनेल बाहेर काढतानाही चार-दोन पॉइंट देतात. जे तेवढंही करत नाही आणि आठवड्यातून तीन-चारदा उशिरा बाहेर काढतं, ते पॅनेल मी सोडून देते. वेगळी पद्धत पाहायची असेल तर प्रोलिफिक पाहा. २०१४ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेलं हे व्यासपीठ मुख्यतः संशोधकांचे अभ्यास देतं. तिथे तुमची माहिती आधी एकदाच भरून घेतात आणि तुम्हाला लागू पडणारेच अभ्यास दाखवतात, वेळ आणि मोबदला आधी सांगून. पण तिथे व्हाउचर नाही, पैसे मिळतात, आणि सगळ्या देशांतल्या लोकांना प्रवेश नाही. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स २०१३ पासून आहे. प्रश्न मोजके असतात, अर्ध्या मिनिटात संपतात, पण अँड्रॉइडवर मिळणारी रक्कम गूगल प्लेवरच खर्च करता येते. किराणा किंवा कपडे घ्यायचे असतील तर ती कामाची नाही.

आता उत्तरं जुळवण्याबद्दल. चार वेळा बाहेर पडल्यावर पाचव्या वेळी मनात येतं, ‘म्हणावं की घेतलंय मशीन, कोण बघायला येतंय?’ कुणी घरी येत नाही, पण प्रश्नावलीच तपासत असते. ब्रँडच्या यादीत एखादं अस्तित्वातच नसलेलं नाव घातलेलं असतं. ‘वापरलंय’ म्हटलंत की नोंद झाली. सुरुवातीला वय विचारतात आणि वीस मिनिटांनी जन्मवर्ष. लांबलचक तक्त्यात मधेच एक ओळ असते: ‘या ओळीत “काहीसे असहमत” निवडा’. सगळ्या ओळींना एकाच रकान्यातली खूण केली, निम्म्याहून कमी वेळात सर्व्हे उरकला, किंवा मत लिहायच्या चौकटीत नुसतं ‘छान’ लिहिलं, की उत्तर बाद. बरं, हे सगळं लगेच कळत नाही. सर्व्हे पूर्ण होतो, पॉइंट जमा दिसतात आणि तीन आठवड्यांनी उणे होतात, कारण कंपनी सगळी उत्तरं गोळा झाल्यावर ती चाळते आणि नापसंत केलेल्यांचे पैसे पॅनेलला देत नाही.

ही कडक तपासणी उगाच नाही. खोट्या उत्तरांचा मोठा धंदा चालतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत आठ जणांवर आरोपपत्र दाखल झालं. सर्व्हेंची बनावट उत्तरं खरी म्हणून विकून सुमारे १ कोटी डॉलर मिळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. एखाद्या औषधाबद्दल किंवा लहान मुलांच्या वस्तूबद्दल कंपनी निर्णय घेणार आणि तो अशा बनावट माहितीवर, हा विचारच मला अस्वस्थ करतो. आपण देतो ते उत्तर कुणीतरी खरं मानून पुढे वापरणार आहे. मला या कामात रस वाटतो तो यामुळेच. म्हणून आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ निवडते, मग बाहेर पडावं लागलं तरी चालेल.

नियम न वाचल्याचा फटका मात्र मलाही बसला आहे. दुसऱ्या वर्षी एका पॅनेलवर माझे ९४० पॉइंट होते. १००० झाले की व्हाउचर. तेव्हा धाकट्या बहिणीने माझ्याच लॅपटॉपवरून त्याच पॅनेलवर खातं उघडलं. चार दिवसांत दोन्ही खाती बंद. तीन ई-मेल पाठवले, तिन्हींना एकच ठरावीक उत्तर आलं: ‘अटींचा भंग झाल्याचे आढळले आहे.’ अटींच्या पानावर खाली बारीक अक्षरांत ‘एका घरात एकच खाते’ असं खरंच होतं. ते ९४० पॉइंट गेले ते गेलेच. तेव्हापासून नवीन पॅनेलवर नाव घालण्याआधी मी चार गोष्टी शोधून वाचते: घरात किती खाती चालतात, व्हीपीएन (आपण कुठून इंटरनेट वापरतो ते लपवणारी सोय) चालतं का, किमान किती पॉइंटला व्हाउचर मिळतं आणि किती दिवस लॉगिन केलं नाही तर पॉइंट बुडतात.

आणि वही ठेवते. खरं सांगायचं तर या वहीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पानावर चार रकाने: पॅनेल, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, मिळालेले पॉइंट. बाहेर काढलं तर पॉइंटच्या जागी फुली. एका महिन्याचं पान समोर उघडंच आहे: ४६ सर्व्हे उघडले, १७ पूर्ण झाले, २९ फुल्या. पूर्ण झालेल्यांना ३ तास ४० मिनिटं लागली, फुल्यांवर १ तास ५५ मिनिटं गेली. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वेळ फुकट. ‘१० मिनिटांचा सर्व्हे, ८० पॉइंट’ असं लिहिलेलं असतं तेव्हा हा फुल्यांचा वेळ त्यात धरलेला नसतो. तो धरून भागाकार केला की तासाला हाती काय येतं ते दिसतं. कोणत्याही पगारी कामाशी त्याची तुलना होणार नाही. तुम्ही घरखर्चाचा भार यावर टाकायचा विचार करत असाल तर कळकळीने सांगते, तसं करू नका. रिकाम्या वेळात, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं, एवढंच याला द्यावं.

वहीतून एक गोष्ट अचानक लक्षात आली. माझे पूर्ण झालेले बहुतेक सर्व्हे ई-मेल आल्या आल्या उघडलेले होते. रात्री निवांत बसून उघडलेल्यांत फुल्याच फुल्या. कोटा तोवर भरलेला असतो. दुसरं, पॅनेलच्या प्रोफाइलमधले घर, वाहन, उपकरणं, नोकरी हे कंटाळवाणे विभाग मी एका रविवारी बसून पूर्ण भरले, तेव्हापासून लागू न होणारे सर्व्हे येणं बरंच कमी झालं. आजार, धर्म, राजकारण यांबद्दल मात्र ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय असतो, तो मी बिनदिक्कत वापरते. ई-मेल पत्ताही यासाठी वेगळा ठेवला आहे.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. नोंदणीसाठी पैसे मागितले, की पान बंद करा. ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा बँकेचा पासवर्ड कोणत्याही खऱ्या सर्व्हेला लागत नाही. ‘तीन प्रश्नांची उत्तरं द्या, मोठं व्हाउचर जिंका, दहा जणांना पाठवा’ हे मेसेज सर्व्हे नसतातच, ते माहिती उकळण्याचं जाळं असतं. सर्व्हे म्हणून सुरू झालेलं संभाषण काही विकायला लागलं तर तेही गैरच. या क्षेत्रातली जुनी जागतिक संस्था एसोमार हिची आचारसंहिता १९४८ पासून आहे आणि संशोधनाच्या नावाखाली विक्री करणं तिला मान्य नाही.

व्हाउचर हाती आलं की ते ई-मेलमध्ये पडू देऊ नका. त्याला मुदत असते. काही एकाच दुकानात चालतात, काही एकाच खरेदीत पूर्ण संपवावी लागतात आणि उरलेली रक्कम बुडते. दुकानाच्या खात्यात कोड टाकून शिल्लक म्हणून जमा करता येत असेल तर मी त्याच दिवशी करते. मोठ्या व्हाउचरसाठी पॉइंट साठवत बसणंही मी बंद केलं आहे. सगळ्यात लहान व्हाउचरला पुरतील इतके झाले की लगेच काढायचे. पॅनेलच्या खात्यातले पॉइंट आपले नसतात, कोड हातात आला की आपला.

तर तुमचे ६४०. तेवढ्यासाठी ते पॅनेल आत्ता सोडू नका. आधी अटींमध्ये पॉइंटची मुदत बघा. मग प्रोफाइल पूर्ण भरा, ई-मेलच्या सूचना चालू करा आणि पुढचे तीन आठवडे फक्त याच पॅनेलवर सर्व्हे भरा, बाकी दोन बाजूला ठेवा. फुल्यांचा वेळ लिहीत जा. १००० झाले की व्हाउचर त्याच दिवशी मागा. काही पॅनेल पहिल्या वेळी ओळख पडताळतात, त्यासाठी खात्यावरचं नाव आणि फोन क्रमांक खरा असू द्या. कोड आला की वहीतली बेरीज करा, आणि पुढच्या १००० साठी बसायचं की नाही ते तो आकडा बघून ठरवा.