पारा वाचणाऱ्या बाईला विचारा

उन्हाळ्यात या सदराला पत्रं दुप्पट येतात आणि त्यांतली निम्मी रागाची असतात. साहजिकच आहे. एकतीस वर्षं मी वेधशाळेत निरीक्षक होते. पारा मी फक्त वाचायचे, चढवायचे नाही, एवढं सांगते आणि पत्रांकडे वळते.

परवाच्या दिवसाचं कमाल तापमान पेपरात ४३.६ छापून आलं. त्याच दुपारी मोबाइलवर ४६ होतं आणि कारमध्ये ४९. सरकार आकडे दाबतं का?
— एक शिक्षक, चंद्रपूर

नाही हो सर, दाबत नाही. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. कारचा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरपाशी असतो. खाली तापलेलं डांबर, मागे इंजिन. सिग्नलला उभ्या गाडीत त्याचं काय होत असेल, बघा. मोबाइलवरचं तापमान तर बहुतेक वेळा कुणी मोजलेलंच नसतं. काही किलोमीटरच्या चौकोनासाठी संगणकानं मांडलेलं ते गणित. त्यातही मोठा आकडा तापमानाचा की ‘जाणवतं किती’ याचा, हे आधी पाहून घ्या.

वेधशाळेचं तापमान म्हणजे सावलीतल्या हवेचं. मोकळ्या जमिनीवर चार पायांची पांढरी लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. भिंतींना झडपा, म्हणजे वारा आत येतो, ऊन येत नाही. दारसुद्धा उत्तरेला, कारण उघडल्यावर ऊन आतल्या तापमापकांवर पडायला नको. कमाल तापमापकाचा गळा जुन्या तापाच्या थर्मामीटरसारखा आवळलेला असतो, त्यामुळे पारा चढतो पण आपणहून उतरत नाही. संध्याकाळी साडेपाचला वाचायचा, वहीत लिहायचा आणि मग झटका देऊन खाली आणायचा. मे महिन्यात त्या पेटीची कडी मी पदरानं धरून उघडायची. पेपरात येतो तो आकडा पेटीच्या आतला, कडीचा नव्हे.

आकडे दाबण्यापेक्षा फुगण्याचे प्रसंगच मला जास्त आठवतात. २०२४च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि दिवसभर फोनवर दुसरा विषय नव्हता. सेन्सर बिघडलेला निघाला. त्याच आठवड्यात दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले, तिथेही तपासणीत यंत्र ३ अंश जास्त दाखवत असल्याचं हवामान विभागानं सांगितलं. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ नोंदले गेले होते, तो आपल्याकडचा उच्चांक. त्याच्या वरचं काही दिसलं की माझ्यासारखी बाई घाम पुसायच्या आधी यंत्राकडे संशयानं बघते.

तरी तुमचा राग अगदीच गैर नाही. बसस्टँडवर पेटीची सावली नसते. पेपरातल्या आकड्यात ऊन आपलं आपणच मिळवायचं.

सहा दिवस झाले, तापमान ४५च्या आगेमागेच आहे, वाढलेलं नाही. मग पिवळ्याचा नारिंगी इशारा कशासाठी? आईचं वय ७८ आहे आणि आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो.
— एक वाचक, अकोला

या खेपेला आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. इशाऱ्याचा रंग नुसत्या आकड्यावर ठरत नाही, दिवसांवरही ठरतो. उष्णतेची लाट दोन दिवस राहणार असेल तर पिवळा. तीव्र नसली तरी चार दिवस किंवा जास्त टिकली की नारिंगी. लाटेचे दिवस सहाच्या वर गेले की तोच आकडा लाल होऊ शकतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

असं का, हे तुम्हाला तुमच्या घरातच कळेल. रात्री दहाला स्टुलावर चढून स्लॅबला खालून हात लावा. पहिल्या दिवशी पहाटेपर्यंत स्लॅब निवतो. सहाव्या दिवशी निवायच्या आत पुन्हा सूर्य येतो. माणसाचंही तसंच. दिवसाचा ताण शरीर रात्री उतरवतं, आणि रात्रच गरम असेल तर कालचं ओझं आजच्या डोक्यावर. म्हणून तर कमाल तापमान ४० किंवा वर असताना रात्रीचं किमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी चढलं, की हवामान विभाग ‘उष्ण रात्र’ वेगळी जाहीर करतो. पेपरात किमान तापमान बारीक छापतात. तुम्ही आधी ते वाचत जा. आणि संध्याकाळी ढग आले म्हणून हुश्श करू नका, जमिनीची उष्णता वर जाताना ते पांघरुणासारखी अडवतात.

आईंना आठवडाभर खालच्या मजल्यावर कुणाकडे झोपायला पाठवता आलं तर पाठवा, संकोच करू नका. कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद करणं ही आपल्याकडची लाडकी चूक. ओलसर हवेला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर दोन तासांत खोलीचं न्हाणीघर होतं. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर पाणी किती आणि गोळ्या कशा, हे डॉक्टरांना आजच विचारा, मनानं बंद करू नका. अंग तापलंय आणि त्या असंबद्ध बोलतायत, असं दिसलं तर तो उष्माघात धरून चाला. १०८ला फोन करा, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा आणि पंख्याचा वारा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आमच्याकडे ३७ला उष्णतेची लाट आणि विदर्भात ४२ असूनही नाही. हा कुठला न्याय?
— एक वाचक, रत्नागिरी

न्यायच आहे, फक्त फूटपट्ट्या वेगळ्या आहेत. मैदानी भागात तापमान निदान ४० आणि किनाऱ्यावर निदान ३७ असायला हवं, शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर हवं. ही सरासरी तीस वर्षांची. तुमच्याकडे सरासरी समजा ३२.५ असेल तर ३७ला लाट झाली. मेअखेर विदर्भातल्या एखाद्या गावची सरासरीच ४३ असते, तिथे ४२ म्हणजे थंडाईच. मात्र ४५ गाठले की सरासरी बघायची नाही, लाट धरायची, आणि ४७ला तीव्र लाट. तेही हवामान विभागाच्या एका उपविभागात किमान दोन ठिकाणी, सलग दोन दिवस. म्हणजे लाट जाहीर होते तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या उन्हात असता.

कोकणात आकड्यापेक्षा दमटपणा मारतो. घाम सुकला तर अंग गार होतं, नुसता वाहून उपयोग नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघातानं १४ माणसं गेली, त्या दिवशी जवळच्या केंद्रावर ३८च्या आसपास तापमान होतं. विदर्भातला माणूस ३८ ऐकून हसला असता. तुमच्यासाठी दुसरी खूण म्हणजे समुद्रावरचा वारा. पूर्वेकडून कोरडा वारा जोरात असला की खारा वारा उशिरा आत शिरतो आणि तेवढ्या वेळात पारा उसळी मारतो.

ताई, नवतपा तपला नाही तर पाऊस बोंबलते म्हणतात आमच्याकडं. खरं काय?
— एक संत्रा बागायतदार, वरूड

नवतपा म्हणजे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, तेव्हापासूनचे नऊ दिवस. आणि गंमत म्हणजे नागपूर-वरूडच्या अक्षांशावर त्याच दिवसांत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हाताऱ्यांचं निरीक्षण बिनचूक होतं. पावसाचा संबंध मात्र त्या नऊ दिवसांपुरता बांधता येत नाही, मॉन्सून फार लांबून ठरत येतो. २०२५मध्ये तो २६ मेलाच मुंबईत पोचला, म्हणजे नवतपा नीट सुरूही झाला नव्हता, आणि मग असा रेंगाळला की विदर्भाच्या बऱ्याच भागाला जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. बागेचं पाणी अंदाजावर ठरवा, नवतप्यावर नको.

पुढल्या मंगळवारी मुलीचं लग्न आहे. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटं, लॉनवर, पाहुणे सहाशे. त्या दिवशी किती असेल? पाऊस तर नाही ना?
— एक वधुपिता, अमरावती

अभिनंदन. तुमचं पत्र आठ दिवस आधी हातात पडलंय. इतक्या लांबून मंगळवारचा आकडा कुणी सांगितला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दर गुरुवारी हवामान विभाग पुढच्या आठवड्यांचा अंदाज देतो. त्यात तारीख-वार नसतो, तापमान सरासरीच्या वर की खाली एवढा कल कळतो. तो पाहा. शनिवारी विदर्भाचा जिल्हावार इशारा पाहा, त्यात अमरावतीचा रंग दिसेल आणि त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. वळवाच्या पावसाचं मात्र त्याच दिवशी, तीनेक तास आधी कळतं. मंडपवाल्याला दोर पक्के बांधायला सांगा, कारण पावसाच्या आधी वावटळ येते.

रंग नारिंगी निघाला तर भटजींना संध्याकाळचा गोरज मुहूर्त विचारा. ते काढून देतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांनी दोन काढून दिले होते.