विहिरीवरच्या त्या इंजिनाबद्दल

अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. इंजिन घासूनपुसून चकाचक करायची तुझी घाई दिसली, म्हणून लगेच लिहितोय. तारेचा ब्रश आधी ठेवून दे. इंजिन कोणत्या कंपनीचं हे ठरेपर्यंत त्याच्यावरचा मळ हाच आपला पुरावा. ग्रीसखाली मूळ रंग टिकलेला असतो, बिडावर ओतीव अक्षरं असतात, आणि नावाची पितळी पट्टी कुणी भंगारात विकली असली तरी तिच्या रिव्हेटची भोकं राहतात. रॉकेल आणि मऊ चिंधी, बस.

उभा एकच सिलिंडर, दोन्ही अंगांना आऱ्यांची जड चाकं, ही ठेवण लिस्टरची. इंग्लंडातल्या डर्सली गावच्या या कंपनीचं सीएस (कोल्ड स्टार्ट) डिझेल इंजिन 1929च्या सुमारास आलं. पण राजकोटला याच धर्तीची इंजिनं भरपूर बनली, तेव्हा नुसत्या रूपावरून ‘इंग्लिश आहे’ म्हणून गावभर सांगत सुटू नकोस. शिवाय साताऱ्याचं कूपर आणि किर्लोस्कर हेही आपल्या भागातले जुने भिडू.

मापं घे. सहा हॉर्सपॉवरच्या सीएसचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, साडेचार इंच; मिस्त्रीच्या हिशेबात चार इंच चार सूत (आठ सुतांचा एक इंच). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, साडेपाच इंच. वेग मिनिटाला 650 फेरे. मापं जुळली म्हणून सिद्ध काही होत नाही, जुळली नाहीत तर मात्र एक नाव कटतं. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, बाजूला हाताने फिरवायचं छोटं चाक आहे का बघ. ते आत फिरवलं की हेडमधली एक जादा पोकळी बंद होते, दाब वाढतो आणि थंड इंजिन सुरू व्हायला मदत होते. ते असेल तर मला त्याचा जवळून फोटो हवाय. बोल्टना मिलिमीटरचे पाने लावू नकोस. जुन्या इंजिनांवर बहुधा व्हिटवर्थचे, म्हणजे इंचाच्या मापातले जुने ब्रिटिश, आटे असतात आणि चुकीच्या पान्याने डोकी गोल होतात. मग छिन्नी येते, आणि छिन्नी आली की संपलंच.

पिस्टन जाम आहे म्हणतोस. हेड काढून वरून डिझेल ओत आणि निवांत राहा, लागले तर पंधरा दिवस. डोक्यावर घण घालायचा नाही, चाकाच्या आऱ्यांत पहार घालून ओढायचं तर मुळीच नाही.

चाकाची परीक्षा आत्ताच कर. बिडाला तडा असेल तर फिरताना ते फुटतं, आणि आसपास माणसं असतात. हातोडीने हलकं वाजव. खणखणीत नाद यायला हवा. मग आरे जिथे तुंब्याला (चाकाच्या मधल्या गाभ्याला) मिळतात तिथे रॉकेल लाव, कोरडं पुस आणि वरून खडूची पूड चोळ. अर्ध्या तासाने पूड ओली होऊन रेघ उमटली, तर हँडलला हात न लावता मला फोन कर.

तुझा,
काका