वासोट्याच्या ओढ्याचं पाणी जातं कुठं?

प्रश्न: आम्ही आटपाडीचे. जानेवारीत ग्रुपबरोबर बामणोलीवरनं बोटीनं वासोटा किल्ल्याला गेलो. पलीकडं उतरून जंगलात शिरलं की ओढा लागतो, त्यात चक्क पाणी वाहत होतं. आमच्याकडं दिवाळी सरली की ओढ्यात नुसती वाळू आणि वेड्या बाभळी. असं का? आणि ते पाणी शेवटी जातं कुठं? मित्र म्हणतो कोकणात, मी म्हणतो कृष्णेला.

उत्तर: पैज लावली असेल तर चहाचं बिल निम्मं निम्मं करा, दोघंही बरोबर आहात.

आधी पावसाचं. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आटपाडीला पाचशे झाला तरी लोक खूश. पण नुसता पाऊस जास्त म्हणून ओढा जानेवारीत वाहत नाही हो, पाणी डोंगरात मुरून राहायला लागतं. कातळ तुमच्याकडंही तोच, लाव्हाच्या थरांचा बेसॉल्ट. पुढच्या खेपेला ओढ्याकाठची दरड जरा थांबून बघा (सेल्फी नंतर काढा), खाली काळाकभिन्न घट्ट पाषाण, त्यावर भोकाभोकांचा, पांढरे ठिपके असलेला मऊ थर, विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात, आणि कुठंकुठं मध्येच विटकरी मातीचा पट्टा. पाणी भेगांतनं खाली उतरतं, घट्ट थरावर नाहीतर त्या लाल पट्ट्यावर अडतं, मग आडवं सरकत सरकत दरडीतनं पाझरतं, आणि हेच पाझर ओढ्याला हिवाळाभर पुरतात. वर जंगल आहे, पालापाचोळ्याचा जाड थर आहे, त्यामुळं पाऊस धावून न जाता जिरतो. माणदेशातल्या उघड्या माळावर तो धावतोच, उरलेलं ऊन पितं.

मऊ थर लवकर झिजतो, घट्ट थर तसाच राहतो, म्हणून ओढा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. रांजणखळगे दिसले असतील, ते भोवऱ्यात गोटे गरगर फिरून पडलेत.

आता पैजेचं. वासोट्याच्या पश्चिमेच्या कड्यावरनं जे पाणी पडतं ते सरळ कोकणात, अरबी समुद्राला. तुमचा ओढा मात्र पूर्व उतारावरचा, तो शिवसागरात, म्हणजे तुम्ही बोटीनं ओलांडलात त्या कोयना धरणाच्या जलाशयात शिरतो, म्हणजे कोयनेत. कोयना महाबळेश्वरातनं निघून दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. इथवर तुम्ही जिंकलात.

पण धरण बांधलं आणि गणित फिरलं. शिवसागराचं बरंचसं पाणी बोगद्यांतनं सह्याद्रीच्या पोटातनं पलीकडं पोफळीला नेऊन त्यावर वीज करतात. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) दिलंय आणि धरणाची सगळी क्षमताच 105 टीएमसीच्या घरात, म्हणजे बघा! ते पाणी वाशिष्ठी नदीतनं चिपळूणवरनं समुद्राला जातं, उलट फिरून येत नाही. मित्राचाही मुद्दा पक्का.

राहिलेलं पाणी धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातनं किंवा पावसाळ्यात दरवाजांतनं कोयनेत सोडतात. ते कराडच्या खाली टेंभूला अडवलं जातं, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि कालव्यानं येतं तुमच्या आटपाडीला. तेव्हा ओढा बघायला बामणोली गाठावी लागली तरी त्यातलं थोडं पाणी तुमच्या डाळिंबापर्यंत येऊन पोचलेलंही असेल, फक्त वीजबिल भरून.